रस्त्यावरचे विज्ञान, लेखांक ९ : धुरकटलेली ‘काच’

मागील लेखांकात हेडलाइटचा बल्ब आणि त्यामागचा परावर्तक यांचा विचार झाला. त्यांच्यापुढे बसवलेले पारदर्शक आवरण हा या लेखांकाचा विषय आहे. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात त्याला सर्रास ‘काच’ म्हणतात. अँबेसिडर आणि पद्मिनीच्या काळात ती खरोखर काचच होती. आजच्या मोटारींत तिच्या जागी पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक असते, आणि काच समजून फडक्याने ते पुसत राहणाऱ्याला यश येत नाही, कारण बिघाड वर साचलेल्या मळाचा नसून खुद्द पृष्ठभागाचा असतो.

पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे लावला. ते हलके असते, आघात सोसते आणि साच्यातून हव्या त्या वळणाचे काढता येते. परंतु त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि अतिनील किरण, म्हणजे सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारा अधिक ऊर्जेचा भाग, त्याला मानवत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा कठीण, अतिनील किरण शोषणारा लेप चढवतात. हा लेप झिजला की किरणांमुळे प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, त्यांच्याशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होऊन पिवळसर संयुगे तयार होतात आणि पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा पडतात. या भेगांमुळे प्रकाश नुसता घटत नाही, तर विखुरतो. त्यामुळे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि अंबड-घनसावंगीच्या रस्त्यावर गाळप हंगामात पुढे चाललेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली मात्र उशिरा दिसते.

जालना शहर साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. जुन्या मोटारींचे गोल दिवे उभे असत. आताचे दिवे बॉनेटकडे कलत गेल्याने ते जणू उन्हात वाळत घातल्यासारखेच असतात. देखणेपणासाठी मोजलेली ही किंमत कोणत्याही जाहिरातीत सांगितली जात नाही.

दुरुस्तीपूर्वी दिव्यावर पाणी ओतून पाहावे. ओला असताना तो बराचसा स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या बाजूला आहे असे समजावे, कारण भेगांत हवेऐवजी पाणी शिरल्यावर प्रकाश कमी विखुरतो. ओला असतानाही तो धुरकटच राहिला, तर दोष बहुधा आतल्या बाजूला असतो आणि तेथे बाहेरून घासून उपयोग होत नाही.

घासण्यापूर्वी भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावतात आणि ८०० नंबरच्या वॉटर पेपरने, सतत पाणी सोडत, आडवे घासतात. बोअरचे पाणी असेल तर ते गाळून घ्यावे, कारण त्यातला एखादा वाळूचा कण सगळे काम बिघडवतो. सुरुवातीला पिवळट गाळ निघतो. तो दुधासारखा पांढरा निघू लागला की जुना लेप व खराब थर गेला असे मानतात. पुढे १५०० नंबरने उभे आणि २००० नंबरने पुन्हा आडवे घासतात. दिशा बदलल्याने आधीचे ओरखडे उरले आहेत का ते लगेच दिसते. थिनर किंवा पेट्रोल मात्र लावू नये. त्याने पॉलिकार्बोनेटला तडे जातात.

टूथपेस्ट किंवा रबिंग कंपाऊंड लावून केलेली चकाकी खोटी नसते, पण तिच्यावर संरक्षण नसल्याने ती काही महिन्यांतच जाते. म्हणून शेवटी अतिनीलरोधक क्लिअर लॅकर, शक्यतो हार्डनर मिसळून वापरायचा ‘टू-के’ प्रकारचा, मारणे हाच या कामाचा गाभा आहे, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. लॅकर मारायचा असेल तर आरशासारखे बफिंगही नको: किंचित खरखरीत पृष्ठभागावर तो चांगला धरतो आणि मघाच्या पाण्याप्रमाणे बारीक ओरखडे स्वतःच भरून काढतो. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनच्या २०१८ मधील चाचणीत खराब झालेल्या दिव्यांतून नव्याच्या सुमारे २० टक्केच प्रकाश मिळत होता. अशा दुरुस्तीनंतर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत पोहोचला.

मे महिन्याची अखेर ते जुलै हा काळ वगळता जालन्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे सावली नसेल तेथे मोटार उत्तरेकडे तोंड करून उभी केल्यास नव्या लेपाला ऊन कमी लागते.