मुलगा गेल्यावर उरलेली आई

जबलपूरकरांना युद्धपट परके वाटत नाहीत. गन कॅरेज फॅक्टरी इथं १९०४ पासून आहे, खमरियात दारूगोळा तयार होतो, ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रंही इथलीच. दिवाळीच्या खरेदीला बडा फुहाऱ्यावर लोटणाऱ्या गर्दीत घरातलं कुणी सीमेवर असलेली माणसं नेहमीच असतात. म्हणून असा चित्रपट पाहताना मी एकच गोष्ट बघते: मुलगा गेल्यावर दिग्दर्शक आईपाशी किती वेळ थांबतो?

आपण मराठी माणसं वाढलो ती उलट्या गोष्टीवर. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’त (१९५३) आई जाते आणि मुलगा तिला आठवत राहतो. ती आई साकारणाऱ्या वनमालाबाई ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या, याचा आम्हा मध्य प्रदेशातल्या मराठी मंडळींना अभिमान. आठवण्याचं काम आईवर येतं, तेव्हा मात्र आपला सिनेमा बहुधा घाईत असतो. ‘शेरशाह’मधले (२०२१) विक्रम बत्रा १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे, म्हणजे आमच्या गावाशी नातं असलेल्या पलटणीचे. चित्रपट पाहून मी रडले, पण प्रेयसीसाठी. आईच्या वाट्याला फार थोडं आलं होतं.

चौथ्या ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी १९६५ मध्ये असल उत्तरला जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानी रणगाडे फोडले. चेतन आनंद यांच्या ‘परमवीर चक्र’ मालिकेत (१९८८) नसीरुद्दीन शाह हमीद झाले होते. ग्रिगोरी चुखराय यांच्या ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’चा (१९५९) एकोणीस वर्षांचा अल्योशाही दोन रणगाडे निकामी करतो; बक्षीस म्हणून मागतो ती मात्र घरी जायची रजा, आईचं गळकं छप्पर दुरुस्त करायला. वाटेत ज्याच्या-त्याच्या मदतीला धावताना रजा संपते. आई शेतातून धापा टाकत येते, मिठी मारते, आणि त्याला लगेच निघावं लागतं. तो परतणार नाही, हे आपल्याला सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. तरीही त्या मिठीला माझा धीर सुटतो. छप्पर तसंच राहिलं, हे मला त्याच्या मरणाइतकंच लागतं.

पण सगळ्यांत खोलवर गेला तो गोविंद निहलानींचा ‘हजार चौरासी की माँ’ (१९९८). महाश्वेतादेवींच्या कादंबरीवरचा. इथलं युद्ध सीमेवरचं नाही, नक्षलवादी चळवळीच्या काळातल्या कलकत्त्यातलं आहे. सुजाता झालेल्या जया बच्चन जन्मानं जबलपूरच्या. शवागारात तिच्या मुलाला नाव नाही, १०८४ हा क्रमांक आहे. प्रतिष्ठेपायी बापाला प्रकरण दडपायचंय. तिला मात्र आपला मुलगा कोण होता हे समजून घ्यायचंय. म्हणून ती त्याच्यासोबत मारल्या गेलेल्या सोमूच्या आईकडे जाते. सुखवस्तू घरातली ही बाई त्या गरीब घरात बसते आणि सोमूच्या आईचं ऐकून घेते. सीमा बिस्वास आणि जयाबाई यांचा तो प्रसंग मला दर वेळी नव्यानं अस्वस्थ करतो. आपल्याच मुलाची ओळख त्याच्या मरणानंतर परक्या घरात व्हावी, याहून मोठं दुःख मला सुचत नाही.

‘धूप’ (२००३) त्या उंचीचा नाही. कारगिलमध्ये शहीद झालेल्या कॅप्टन अनुज नय्यर यांच्या आईवडिलांच्या अनुभवावर तो बेतलाय: सरकारनं देऊ केलेला पेट्रोलपंप, आणि तो हाती येईपर्यंत पावलोपावली मागितली जाणारी लाच. काही प्रसंग ढोबळ आहेत. पण अंत्ययात्रा संपल्यावर ओम पुरी आणि रेवती यांना ज्या कचेऱ्यांत ताटकळावं लागतं, तिथवर आपले किती युद्धपट पोचतात? आमच्या गावात फौजी कुटुंबांसाठी एखादा चित्रपट लावायचा झाला, तर मी आधी ‘धूप’ लावीन.