संपादकाच्या घरातील लक्ष्मीबाई

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वस्ती आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी सुमारे ३,९०० एकर जमीन देऊ केली आणि तीवर युरेशियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वसाहत उभी राहिली. या कामी पुढाकार घेणारे डी. एस. व्हाइट यांचेच नाव तिला मिळाले. आज तेथे संगणक कंपन्यांच्या उंच इमारती आहेत. तरी जुने चर्च आणि वर्तुळाकार मैदानाभोवतीची काही घरे मूळ गावाची आठवण देतात. वसाहत वसविणाऱ्या पुरुषाचे नाव गावाला मिळाले; पण ज्या स्त्रियांनी त्या माळरानावर चुली मांडल्या, त्यांपैकी कोणाचे नाव आज वाटसरूला सांगता येईल?

चर्चच्या आश्रयाने वाढलेल्या बहुतेक गावांची हीच कथा आहे. उपदेश करणाऱ्या पाळकाचे नाव नोंदवहीत राहते, वर्तमानपत्र चालविणाऱ्या संपादकाचे नाव छापील पानावर राहते. त्यांच्या घरी आल्यागेल्याला जेवू घालणारी गृहिणी मात्र विस्मृतीत जाते. मराठी वाचकांचे भाग्य असे, की अशा एका गृहिणीने आपली हकीगत स्वतःच लिहून ठेवली आहे. तिचा पती पाळक होता, कवी होता आणि एका जुन्या नियतकालिकाचा संपादकही होता. ती गृहिणी म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात सारे मनू म्हणत. १८५७ च्या उठावानंतर तिच्या आजोळच्या आजोबांना इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड त्यांच्या डोक्यात शिरले. स्पर्शाने सारे जग विटाळते, या समजुतीच्या छायेत मुलीचे बालपण गेले. अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून.

नारायणराव बुद्धिमान, उदार आणि तितकेच लहरी होते. राग आला की घर सोडून निघून जात. राग ओसरला की काही घडलेच नाही अशा थाटात परत येत. हाती आलेला पैसा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल याची शाश्वती नसे. अशा पुरुषाशी संसार करणे ही तपश्चर्याच होती. परंतु खरी कसोटी पुढेच होती.

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना ‘नव्या करारा’ची प्रत भेट दिली. त्या वाचनातून सुरू झालेले मंथन अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यात परिणत झाले. त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील पुरुषाने ख्रिस्ती होणे म्हणजे घरच्यांच्या लेखी तो जिवंतपणी मेल्यासारखेच होते. सव्वीस वर्षांच्या लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला पोटाशी धरून एकाकी पडल्या. चार-पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. त्यांतील काही काळ त्यांनी पंढरपूरला नातलगांच्या आश्रयाने काढला. याच वियोगात या अल्पशिक्षित स्त्रीच्या मुखातून कविता बाहेर पडू लागली.

अखेर त्या पतीकडे आल्या. पण त्याच्या धर्माकडे आल्या नाहीत. एका छपराखाली दोघांचा संसार सुरू झाला, तरी लक्ष्मीबाईंचा स्वयंपाक निराळा आणि पाणीही निराळे होते. टिळकांनीही त्यांच्यावर बळजबरी केली नाही. आसपासची ख्रिस्ती माणसे, त्यांची सुखदुःखे आणि त्यांचा आपलेपणा पाहता पाहता लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, की जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे. वडिलांच्या सोवळ्यात वाढलेल्या मुलीने हा निर्णय घेतला, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो कोणाच्या मागे फरपटत जाऊन नव्हे, तर आपल्या पायांनी चालत जाऊन. पत्नीची निष्ठा म्हणजे आंधळे अनुकरण नव्हे, याचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर आणि त्याच जिल्ह्यातील राहुरी ही त्यांच्या कार्याची क्षेत्रे होती. पाळकाचे घर कधी केवळ घर नसते. दुःखी, निराश्रित, विद्यार्थी, चुकलेमाकलेले असे सारेच तेथे येतात. त्यात टिळकांसारखा पाहुण्यांवर जीव टाकणारा यजमान असला, की गृहिणीच्या डब्यांतील पिठाला अंत लागतो. येणाऱ्यांना लागत नाही. लक्ष्मीबाई रागवत, थट्टा करीत आणि पुन्हा पदर खोचून चुलीपाशी बसत. पोरक्या मुलांना त्यांनी आपली म्हटले. नगरला प्लेग आला तेव्हा छावणीत जाऊन त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली.

याच घरात मराठी कवितेचे एक लाडके लेकरू काही काळ वाढले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे टिळकांच्या घरी राहिले. टिळक त्यांचे काव्यगुरू झाले, तर लक्ष्मीबाई त्यांच्या आईच्या ठिकाणी होत्या. १९१८ साली भादली स्थानकापाशी रेल्वेच्या अपघातात या कवीचा करुण अंत झाला.

१९१२ साली टिळकांच्या शिरावर ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाच्या संपादनाची जबाबदारी आली. हे नियतकालिक अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केले होते. धर्मप्रचार हा त्याचा मूळ हेतू होता. तरी विज्ञान, शिक्षण आणि सामाजिक सुधारणा यांनाही त्याच्या स्तंभांत जागा मिळाली. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली याच पत्रात प्रसिद्ध झाला. ज्यांचा आवाज कोणी ऐकत नव्हते, त्यांतील एका मुलीचे शब्द त्याने छापले, ही गोष्ट त्याच्या इतिहासात मोलाची आहे.

टिळकांनी १९१९ पर्यंत हे संपादन सांभाळले. ख्रिस्ती विचार परदेशी पेहरावात न मांडता मराठी मातीच्या भाषेत, अभंग आणि कीर्तन यांच्या परंपरेतून मांडावा, हा त्यांचा ध्यास होता. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्तावर श्रद्धा असणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्याचे दार मोकळे होते. ध्येय उदात्त होते. पण वेतन सुटले की त्याची झळ प्रथम कोणाला लागते, हे गृहिणींना सांगावयास नको. पाळकाने पैशाचा त्याग केला, तेव्हा त्या त्यागाचा हिशेब त्याच्या पत्नीने स्वयंपाकघरात पुरा केला.

त्याच काळात सत्यशोधक विचारांच्या ‘दीनबंधु’ पत्राची धुरा पतीच्या निधनानंतर तानूबाई बिर्जे यांनी स्वतः वाहिली. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला संपादकाची खुर्ची आली नाही. परंतु ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा होता, की पतीचे अपुरे कार्य आता कोणी पुढे न्यावे?

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते. जेमतेम दहा-एक अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ती लेखणी लक्ष्मीबाईंनी उचलली. ज्यांनी शाळा पाहिली नव्हती, ज्यांचे शुद्धलेखन कच्चे होते, त्या बाईंनी साठांहून अधिक अध्याय रचले. पुत्र देवदत्त यांनी ते काव्य शेवटास नेले. पतीने पाया घातला, पत्नीने भिंती चढविल्या आणि मुलाने कळस ठेवला, असा हा एका कुटुंबाचा ग्रंथ आहे.

मात्र लक्ष्मीबाईंचे नाव अमर झाले ते ‘स्मृतिचित्रे’मुळे. देवदत्तांच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आणि १९३४ पासून त्या भागाभागाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत पांडित्याचा आव नाही. अंगणात बसून आजीने सांगाव्यात तशा त्या आहेत. पतीचा मोठेपणा त्यांनी सांगितला, तसा त्याचा विक्षिप्तपणाही लपविला नाही. आपली फजिती तर त्यांनी सर्वांत रंगवून सांगितली. थोर पुरुषाची पत्नी बहुधा त्याची पूजा करते किंवा मूकपणे सोसते. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर प्रेम केले, त्याला हसल्या, त्याच्याशी भांडल्या आणि तरीही त्याची साथ सोडली नाही. म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’तले टिळक देव्हाऱ्यात बसलेले दिसत नाहीत, ते घरात वावरताना दिसतात. २०१७ साली शांता गोखले यांनी या ग्रंथाचा नवा इंग्रजी अनुवाद केला, आणि जलालपूरच्या मनूची वाणी दूरच्या वाचकांपर्यंत पोहोचली.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी देह ठेवला.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? संसारात एकाने मोठे ध्येय धरले, की दुसऱ्याने केवळ मागे चालावे, असा नियम नाही. लक्ष्मीबाई प्रत्येक वळणावर क्षणभर थांबल्या, स्वतःच्या मनाला विचारते झाल्या आणि मगच पुढे गेल्या. त्यांच्या निष्ठेला मोल आले ते या थांबण्यामुळे. आपल्या घरीही अशी एखादी आई, आजी किंवा मावशी असेल. तिने कोणाच्या तरी कीर्तीचा भार आयुष्यभर निमूटपणे उचलला असेल. तिच्यापाशी घटकाभर बसून तिच्या आठवणी विचाराव्यात आणि त्या लिहून घ्याव्यात. देवदत्तांनी आपल्या आईपाशी आग्रह धरला नसता, तर केवढे धन आपण गमावले असते!