सुतातले घर्षण

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार पाहायला मिळतात. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेल्या या वास्तूत खादीचा अभ्यासक येतो, तसे भौतिकशास्त्राच्या शिक्षकानेही यावे असे मला वाटते. ज्या प्रकरणात मुले हमखास घसरतात, ते घर्षण इथे हातात धरता येते.

मुले घसरतात ती एका सूत्रापाशी: घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले लंबबल. १० किलो कापसाचे गाठोडे जमिनीवर आहे. लंबबल सुमारे १०० न्यूटन. स्थितिक घर्षणांक ०.५ आणि गतिक ०.४ धरू. २० न्यूटन बलाने ढकलले, गाठोडे हलले नाही. घर्षण किती? माझ्या वर्गात निम्मी मुले ५० लिहितात. तसे असते तर गाठोडे ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून आले असते! उत्तर २०. स्थितिक घर्षण मागणीपुरतेच मिळते. ५० ही त्याची कमाल मर्यादा. ती ओलांडली की गाठोडे सरकते आणि घर्षण ४० वर उतरते. म्हणून आधी विचारायचे, वस्तू जागेवर राहायला किती घर्षण लागेल आणि ते मर्यादेत बसते का. सूत्र त्यानंतर.

आता पेळू घ्या. कापसाचा तंतू जेमतेम तीन सेंटिमीटरचा, तरी त्याचे मैलोगणती सूत निघते. त्यात ना डिंक, ना गाठ. आखूड तंतूंचा दोर ताण कसा सोसतो, हा प्रश्न गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात चर्चिला आहे. पेळू ओढताना तंतू एकमेकांवरून सरकतात. हे गतिक घर्षण. चातीने पीळ भरला की ओढ लागताच तंतू एकमेकांवर दाबले जातात, लंबबल वाढते आणि त्याबरोबर स्थितिक घर्षणाची मर्यादाही. ओढावे तितकी पकड घट्ट. पीळ लवकर चढला तर धागा बारीक होत नाही, उशिरा चढला तर हातात नुसता कापूस. कातणाऱ्याची बोटे या दोन अवस्थांच्या सीमेवर काम करतात.

गंमत अशी, की आमोंताँ (१६९९) आणि कुलोम (१७८५) यांच्या नावाने शिकवला जाणारा हा नियम कापसालाच नीट लागू पडत नाही. मऊ तंतूंवरचा दाब दुप्पट केला तर घर्षण दुपटीहून कमी वाढते. घर्षणांक हा एकच ठरलेला आकडा राहत नाही.

वीतभर एकेरी सूत घेऊन पीळ उलटा फिरवत हलकेच ओढून पाहा. तंतू न तुटता धागा दोन होतो.