छिन्नमनस्कता आणि खानदेशातील घरे

जळगावकडच्या केळीच्या पट्ट्यात काय किंवा धुळ्याकडच्या कपाशीच्या गावांत काय, काल-परवापर्यंत हुशार म्हणून वाखाणला गेलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा जेव्हा मित्रांना टाळू लागतो, रात्र रात्र जागून शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत असल्याचे पुटपुटतो, आणि एके दिवशी आईने वाढलेली कळण्याची भाकरी ‘यात विष आहे’ म्हणून ताटासकट दूर लोटतो, तेव्हा त्या घराला प्रथम संशय येतो तो रोगाचा नव्हे, बाहेरवाशाचा. मग भगत येतो, उतारे होतात, नवस बोलले जातात. कोणी वडीलधारे ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ असा सल्ला देतात, ज्यामुळे आणखी एका निरपराध मुलीचे आयुष्य पणाला लागते. इलाजाविना गेलेला हा काळ जितका लांबतो तितके पुढचे बरे होणे दुष्कर ठरते, हे कोणी सांगत नाही.

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा मेंदूचा विकार आहे. आनुवंशिकतेचा त्यात वाटा असतो, डोपामीन या मेंदूतील रसायनाच्या व्यवहारात बिघाड आढळतो, आणि प्रारंभ बहुधा ऐन तारुण्यात होतो. आईच्या लाडाने किंवा बापाच्या धाकाने तो जडत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार हा व याच्या जातीचे तीव्र विकार आयुष्यात केव्हा ना केव्हा शंभरातील एकाहून अधिकांना गाठतात. 1952 पासून त्यावर गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. परंतु जरा बरे वाटताच ती परस्पर बंद केली जातात, आणि दुखणे पुन्हा उलटते.

या दुःखाला वाचा फोडण्याचे मोठे कार्य ज्यांच्या हातून घडले ते डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचेच, ही खानदेशाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या गृहस्थांनी पत्नीचा आजार वर्षानुवर्षे स्वतः सोसला आणि तो लपवून न ठेवता 1997 साली पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ची स्थापना केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 2004 च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही ते उभे होते. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला त्यातील शेष पाहून कित्येक कुटुंबांना आपल्या घरातील माणसाचे दुखणे प्रथमच उमगले असेल.

संस्थेच्या कामाचा गाभा मला वाटतो तो नातेवाइकांच्या एकत्र बसण्यात. सततची टीका आणि टोमणे ज्या घरात चालतात तेथे रोग लवकर उलटतो, हे इंग्लंडमधील जॉर्ज ब्राउन यांच्या संशोधनाने पूर्वीच दाखविले आहे. पण रात्रंदिवस पहारा करून थकलेल्या आईने न चिडता राहावे कसे, हे तिला तोच अनुभव घेतलेली दुसरी आईच सांगू शकते. विषाचा संशय घेणाऱ्या मुलाशी वाद घालू नये, त्याच्या भ्रमाला होकारही देऊ नये. ‘तुला भीती वाटते हे मला दिसते’ एवढेच म्हणून त्याच्याच ताटातला घास आपण आधी खावा, असे शहाणपण अशा बैठकीतच हाती लागते.

राज्याची जुनी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे. खानदेशाच्या वाट्याला त्यांतले एकही नाही. तरीही धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची दारे उघडी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे वा मारहाण करणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि 2016 च्या कायद्यान्वये दीर्घ मानसिक आजारासाठी दिव्यांगत्वाचा दाखलाही मागता येतो. वाणींच्या मुलुखात तालुक्यागणिक चार-पाच कुटुंबांनी महिन्यातून एकदा एकत्र बसण्याची तजवीज करावी, त्याकरिता ना इमारत लागते ना अनुदान. आणि आज, या घडीला ज्यांच्या घरी ही अडचण उभी आहे त्यांनी ‘टेलि-मानस’च्या 14416 या शासकीय क्रमांकावर दूरध्वनी करावा, तेथे चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.