ओल मोजायची कधी?

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सांगलीत जेमतेम पाच-सहाशे. तरी घरं बुडतात ती सांगलीची. घाटमाथ्यावरचं पाणी कृष्णा, कोयना आणि वारणेतून खाली येतं, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडतं. २००५ मध्ये ते ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या पुढे, २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ च्या पुढे. दर वेळी वाद पेटतो तो धरणांवरून: कोयनेतून विसर्ग कधी केला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा कुठवर येतो, पुराची कारणं तपासायला नेमलेल्या वडनेरे समितीने काय म्हटलं. हा वाद व्हायलाच हवा. पण ज्या घरात पाणी शिरलं, त्याच्या नुकसानीचा हिशेब आपण चुकीच्या आठवड्यात मांडतो, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पाणी उतरलं की पंचनामा होतो, भिंतीवरची गाळाची रेघ बघितली जाते, जे पडलं आणि वाहून गेलं ते कागदावर येतं. बरंचसं नुकसान मात्र त्या दिवशी अजून व्हायचं असतं.

भिंतीचंच घ्या. चांगली भाजलेली वीटसुद्धा स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के पाणी पिऊ शकते. आठवडाभर पाण्यात उभी राहिलेली नऊ इंची भिंत आतपर्यंत भिजते, आणि पूर ओसरल्यावर ही ओल गाळाच्या रेघेशी थांबत नाही. विटेच्या बारीक छिद्रांतून ती आणखी वर चढते. तिला बाहेर पडायला वाट हवी असते, ती आपणच बंद केलेली असते: सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर धुता येणारा ऑइलपेंट. त्यात पुरानंतर लगेच गणपती येतात. २०१९ मध्ये गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे पुराला महिनाही झाला नव्हता. सणाला घर नीट दिसावं म्हणून रंगाचा हात फिरतो आणि ओल आत कोंडली जाते. मग भिंत जसजशी वाळते, तसतसे विटा-मातीतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे सरकतात आणि तिथे त्यांचे स्फटिक बनतात. यालाच आपण लोणा म्हणतो. रंगाला आधी फोड येतात, मग पोपडे सुटतात. पोपडा नखाने ओढला तर मागचा गिलावा वाळूसारखा हातात येतो. पंचनाम्यात या भिंतीची नोंद ‘सुस्थितीत’ अशी झालेली असते.

सामानाचंही तेच. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या बहुधा साध्या प्लायच्या किंवा पार्टिकल बोर्डच्या असतात. बोर्ड पाण्यात फुगतो आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. साध्या प्लायचे थर काही आठवड्यांनी सुटू लागतात आणि बिजागरीचे स्क्रू जागा सोडतात. सागवानी दार चौकटीत घट्ट बसतं, पण सावलीत सावकाश वाळलं तर बहुतेकदा वाचतं. उन्हात टाकलं की वाकडं होतं. कापसाच्या गादीची आशा धरूच नये: वरून कोरडी लागली तरी पोटात ओल राहते, आणि बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. सगळ्यात फसवी असते ती वायरिंग. भिंतीतल्या पाइपांत गाळपाणी साचून राहतं, स्विचबोर्ड वरून कोरडा दिसतो आणि जोड आतून गंजत जातात.

यावर कुणी म्हणेल, कृष्णाकाठच्या माणसाला पूर काय नवा? जुने वाडे इतके पूर पाहून उभे आहेतच की. हे अर्धंच खरं आहे. उभे राहिले ते काळ्या दगडाच्या जोत्याचे आणि चुन्यातल्या बांधकामाचे वाडे. चुना ओल बाहेर सोडतो, म्हणून भिंत वाळते. मातीच्या भिंतींची घरं त्याच पुरांत बसली. ती आज दिसत नाहीत म्हणून मोजली जात नाहीत. शिवाय जुन्या घरात सामान किती होतं? तांब्या-पितळेची भांडी घासली की झाली. महाबळेश्वरात पावसाळ्याआधी भिंतींना बाहेरून वाळल्या गवताची झड बांधतात, कारण भिजलेली भिंत काय करते हे तिथे दरवर्षी कळतं. सांगलीची घरं मात्र कोरड्या हवेच्या हिशेबाने बांधलेली आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. भिंत वाळेपर्यंत माणसांनी राहायचं कुठे? तीन-चार महिने थांबा, हे सांगणाऱ्याला भाडं भरावं लागत नाही. पण थांबायचं म्हणजे घर सोडायचं असं नाही. रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंतचा सुटलेला गिलावा काढून टाकावा, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढावीत, वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये, आणि फक्त रंग पुढे ढकलावा. वाळली की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी भिंतीला चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर अजून वेळ आहे. सणाला पोपड्यांची भिंत दिसली तर दिसू द्यावी.

२०१९ मध्ये सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार रुपये दिले. तातडीचा आधार म्हणून ते योग्यच होतं, पण ती घराची भरपाई नव्हे. २०२१ च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित विमा पॉलिसी मिळते, तीत पूर धरलेला आहे. नदीकाठच्या घरमालकाने तिची चौकशी करावी. सरकारकडे मागणी एकच: पहिला पंचनामा आत्ता होतो तसाच व्हावा, त्यात पाण्याची रेघ आणि पाणी किती दिवस होतं हे नोंदवावं, आणि त्याच घरांचा दुसरा पंचनामा दिवाळीनंतर करावा. खोटे दावे वाढतील ही भीती आहे, पण पहिल्या नोंदीत नसलेलं घर दुसऱ्या यादीत येऊच शकणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, तलाठ्याची एक फेरी लागते.