गाव, घर आणि अंगठा

टीव्ही किती लोक पाहतात, या प्रश्नाचं उत्तर भारतात गेल्या पन्नास वर्षांत दोनदा बदललं. आकडे तर फुगलेच, पण मोजायचं काय, तेच बदलत गेलं. आधी गाव मोजलं, मग घर, आणि आता एकेकाचा अंगठा.

सुरुवात गावापासून. 1 ऑगस्ट 1975 रोजी सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. इस्रो आणि नासाने मिळून केलेला हा वर्षभराचा ‘साइट’ प्रयोग. त्यासाठी नासाने एटीएस-6 हा उपग्रह अमेरिकेवरच्या आकाशातून सरकवून पूर्व आफ्रिकेच्या डोक्यावर आणून ठेवला. खेड्यात काय होतं? एक संच आणि खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री. कार्यक्रम दिवसाला चार तास. सकाळी दीड तास शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी अडीच तास सगळ्यांसाठी. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता, पण मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 पासून सुरू होतं आणि ज्यांच्याकडे टीव्ही आहे त्यांच्या घरी अख्खा मजला जमायचा. एका पडद्यापुढे माणसं किती, याला तेव्हा जागेचीच काय ती मर्यादा होती.

मग टीव्ही घरात शिरला. 1982 मध्ये तो रंगीत झाला आणि 1984 मध्ये देशात जवळपास दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. 25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं आणि 78 भागांसाठी रविवारची सकाळ ओस पडली. 2004 ते 2022 अशी अठरा वर्षं ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम पैठणी घेऊन घरोघरच्या वहिनींना भेटत राहिला. हा पसारा किती मोठा होता, ते 2011 च्या जनगणनेतल्या दोन आकड्यांवरून कळतं. देशातल्या 46.9 टक्के घरांत शौचालय होतं, टीव्ही होता 47.2 टक्के घरांत. त्याच जनगणनेत 37 टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. म्हणजे कोट्यवधी घरांत टीव्हीची खोली, झोपायची खोली आणि पोरांच्या अभ्यासाची खोली एकच. तिथे एकत्र बसून पाहणं ही आवड नव्हती, दुसरी सोयच नव्हती.

2020 पर्यंत टीव्ही असलेली घरं 21 कोटींवर आणि पाहणारी माणसं 89 कोटींवर गेली. प्रत्येक संच दिवसाला नुसता एकच तास लागला असं धरलं, तरी देशात रोज 21 कोटी तास होतात. त्याची वर्षं केली तर जवळजवळ 24 हजार!

पण ही 21 कोटी घरं कोणी दारोदार जाऊन मोजत नाही. टीआरपी काढणाऱ्या ‘बार्क’चे मीटर 2020 मध्ये होते साधारण 44 हजार घरांत. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण नेमून दिलेलं. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. यातलं एक घर सरासरी पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलायचं. अशा एखाद्या घरात आजोबा बटण दाबून बसले आणि बातम्या चालू असतानाच डुलक्या काढू लागले, तर हिशेबात हजारो आजोबा डोळे टक्क उघडे ठेवून बातम्या पाहत असतात! लॉकडाऊनमध्ये पुन्हा दाखवलेल्या ‘रामायण’चा 16 एप्रिल 2020 चा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिला असं जाहीर झालं आणि तो जागतिक विक्रम असल्याचा डांगोरा पिटला गेला. प्रत्यक्षात 1983 मध्ये ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग एकट्या अमेरिकेत 10 कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता, असा तिथला अंदाज आहे. अंदाजांच्या जगात विक्रमही जरा जपूनच ऐकावेत.

तिसरा टप्पा अंगठ्याचा. 2014 मध्ये मोबाइलच्या एक जीबी डेटाला सरासरी 269 रुपये पडत होते. मधे सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि 2018 मध्ये तेवढ्याच डेटाचा भाव 12 रुपयांच्या आत आला. आज देशात डेटा वापरणारा माणूस महिन्याला सरासरी 20 जीबीच्या वर फस्त करतो. साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला अर्धा जीबी खातो असं धरलं, तर हे झाले चाळीस तास.

आणि पाहायला काय कमी आहे? यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 चा, अवघ्या 19 सेकंदांचा. पंधरा वर्षांत तिथे दर मिनिटाला 500 तासांचे व्हिडिओ चढू लागले. म्हणजे दिवसाला 7 लाख 20 हजार तास, म्हणजेच 82 वर्षं. आज जन्मलेल्या बाळाने न झोपता, न जेवता फक्त व्हिडिओ पाहिले, तर एका दिवसाचा साठा संपवायला त्याला वयाची 82 वर्षं लागतील. जगभरात यूट्यूब रोज 100 कोटी तास पाहिलं जातं, हे कंपनीने 2017 मध्येच सांगितलं होतं. त्याची वर्षं होतात एक लाख चौदा हजार. माणूस शेती करायला लागला त्याला जेमतेम 12 हजार वर्षं झाली आहेत.

इथे अंदाज लागत नाही, प्रत्येक स्पर्शाची नोंद होते. 19 नोव्हेंबर 2023 ला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी 5.9 कोटी ठिकाणी एकाच वेळी चालू होता, म्हणजे 2011 च्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त. त्याच सामन्याच्या ऐन भरात टीव्हीवर मात्र 13 कोटी लोक होते. हरलो, पण निदान एकत्र बसून हरलो!

म्हणजे टीव्ही संपला का? नाही. 2024 च्या सुरुवातीला यूट्यूबनेच सांगितलं की फक्त टीव्हीच्या पडद्यावर त्यांचे व्हिडिओ रोज 100 कोटी तास पाहिले जातात. पडदा भिंतीवरच आहे, वाहिनीची जागा इंटरनेटने घेतली. रिमोटवरून होणारी भांडणं मिटली, कारण भांडायला समोर कोणी उरलं नाही. आजीची मालिका तिच्या फोनवर, नातवाचा गेम त्याच्या फोनवर.

इतक्या मोजमापात एक आकडा मात्र कोणी ठळक छापत नाही: एका पडद्यापुढे माणसं किती? जाहिरातदाराला त्याचं सोयरसुतक नाही. त्याला एक माणूस, एक पडदा हेच सोयीचं. तो हिशेब आपला आपणच ठेवायचा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये रोजचा स्क्रीन टाइम दिसतो. आज रात्री घरातल्या सगळ्यांचे आकडे एका कागदावर मांडा, बेरीज करा आणि त्यातले किती तास दोघांनी मिळून एकच गोष्ट पाहिली, ते शेजारी लिहा. दुसरा रकाना कोरा राहिला, तर येत्या रविवारी एक सिनेमा ठरवा आणि फोन बाजूला ठेवून तो सगळ्यांनी मिळून पाहा.