धातू पाहून ऑइल

जुन्या इंग्लिश गाडीत कोणते ऑइल घालावे याचे उत्तर दुकानातल्या सर्वात महागड्या डब्यावर मिळत नाही. ते त्या गाडीच्या धातूत आणि दोन भागांमध्ये ठेवलेल्या फटीत असते. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबीचेच पाहा. तिच्या माहितीपुस्तकात इंजिनासाठी २०डब्ल्यू-५० सांगितले आहे, गिअरबॉक्ससाठीही तेच इंजिन ऑइल, आणि मागच्या अ‍ॅक्सलसाठी मात्र हायपॉइड ९०. गिअरबॉक्सही दात्यांचा आणि अ‍ॅक्सलही दात्यांचा. मग दोघांना वेगवेगळे ऑइल कशाला, असे वाटून अनेक जण दोन्हीकडे एकच ‘भारी’ गिअर ऑइल भरतात. नुकसान तिथूनच सुरू होते.

आधी इंजिन. एमजीबीचे इंजिन बी-सिरीज कुळातले. त्याच कुळातले १४८९ सीसीचे इंजिन आपल्याकडे अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षे चालले. या कुळातल्या तीन बेअरिंगांच्या जुन्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला आजच्यासारखे रबरी ऑइल सील नाही. तिथे शाफ्टवर उलटे आटे पाडलेले असतात आणि शाफ्ट फिरू लागला की ते बाहेर निघू पाहणारे ऑइल आत ढकलतात. शाफ्ट आणि भोवतालच्या धातूत फट असणारच, आणि ती राखायला ऑइलला अंग लागते. अशा इंजिनात ०डब्ल्यू-२० भरले तर ते क्लचच्या बाजूने वाट काढणार आणि इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशरचा काटा खाली येणार. नव्या इंजिनांना पातळ ऑइल चालते, कारण त्यांच्या फटी आणि पंप त्याच हिशेबाने केलेले असतात. मिनीची गोष्ट आणखी वेगळी. १९५९ साली आलेल्या या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाखाली ऑइलच्या चेंबरमध्येच बसवला, म्हणजे इंजिन आणि गिअर एकाच ऑइलवर. मल्टिग्रेड ऑइलला तापल्यावरही दाट ठेवणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्या गिअरचे दाते तोडत राहतात आणि ऑइल लवकर पातळ होते. मिनीचे ऑइल बदलायला उशीर करणे म्हणूनच फार महागात पडते.

झिंकची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. या इंजिनांत कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत जातो, मध्ये रोलर नसतो. त्या चिंचोळ्या जागेतला दाब झिंक-फॉस्फरसच्या संयुगाचा थर पेलतो, हे खरे. फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून २००४ च्या एपीआय एसएम दर्जात त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत आणले, हेही खरे. पण ती वरची मर्यादा ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. चांगल्या कंपनीचे २०डब्ल्यू-५० घेऊन त्याच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा पाहिला की काम झाले. वरून झिंकची बाटली ओतणे म्हणजे कारखान्यात जुळवून आणलेले मिश्रण बिघडवणे होय.

खरा धोका गिअरबॉक्समध्ये आहे. मागच्या अ‍ॅक्सलच्या हायपॉइड गिअरमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसटतात. ऑइलचा थर तिथे पिळून निघतो. म्हणून त्या ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्ये घालतात. ती तापलेल्या पोलादाशी संयोग पावतात आणि वर एक झिजायला राखलेला थर तयार करतात. पण गिअरबॉक्सच्या सिंक्रो रिंगा आणि थ्रस्ट वॉशर हे पितळ-काशाचे, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे. पोलादाला वाचवणारे गंधक तापल्यावर तांब्याला खाते. गिअर ऑइलच्या जीएल-५ दर्जात ही द्रव्ये जीएल-४ दर्जाच्या साधारण दुप्पट असतात. अनेकांनी जीएल-५ वर गाडी वर्षानुवर्षे चालवली आणि काही झाले नाही, असा आक्षेप येतो. काही नव्या जीएल-५ ऑइलमध्ये गंधक सौम्य केलेले असते, हेही मान्य. पण सिंक्रो रिंग एका दिवसात जात नाही. गिअर टाकताना करकर सुरू होते तेव्हा झीज होऊन गेलेली असते, आणि मालक दोष वयाला देतो. गिअरला इंजिन ऑइल फार पातळ पडेल ही शंकाही टिकत नाही. गिअर ऑइलचा ९० आणि इंजिन ऑइलचा ५० हे वेगळ्या मापपट्टीवरचे आकडे आहेत. १०० अंश सेल्सिअसला दोघांचा दाटपणा जवळजवळ सारखाच भरतो.

ट्रायम्फ हेराल्डच्या पुढच्या चाकाजवळ हाच मुद्दा डोळ्यांना दिसतो. तिथे उभ्या पोलादी लिंकचे खालचे टोक आट्यांनी काशाच्या ट्रनियनमध्ये बसते आणि स्टिअरिंग वळवले की त्या आट्यांत फिरते. जागा निपल लावण्याची, त्यामुळे हात आपोआप ग्रीसकडे जातो. माहितीपुस्तक मात्र ग्रीस गनमध्ये हायपॉइड ९० ऑइल भरायला सांगते. ग्रीस आट्यांच्या तोंडाशी थबकून घट्ट होते. ऑइल प्रत्येक आट्यातून झिरपत वर येते आणि पाणी बाहेर काढते. ग्रीस भरत राहिले तर आतले आटे कोरडे पडतात, गंजतात आणि एक दिवस लिंक मोडून चाक आडवे पडते. गिअरबॉक्समध्ये नको असलेले ऑइल इथे चालते, कारण सुटी पितळी रिंग तापवणारा वेग इथे नाही. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डलाही हे लागू आहे.

पुस्तकातली ऑइले आता मिळत नाहीत, मग पुस्तक कशाला, असेही विचारले जाते. ब्रँड गेले, ग्रेड आणि धातू राहिले. पुस्तकातून घ्यायचे ते हेच. फक्त ऑस्टिन सेव्हनसारख्या युद्धापूर्वीच्या इंजिनांत जपावे. त्यांत आजच्यासारखा ऑइल फिल्टर नाही आणि बारीक जेटमधून क्रँकला ऑइल मिळते. जुना गाळ साचलेला असताना एकदम डिटर्जंट ऑइल भरले तर सुटलेला गाळ जेट बुजवू शकतो. इंजिन उघडून साफ केल्यावर ही अडचण उरत नाही.

अशी गाडी तुमच्याकडे असेल तर पुढच्या सर्व्हिसला स्वतः उभे राहा. गिअरबॉक्ससाठी उघडलेल्या डब्यावर जीएल-५ लिहिले असेल तर तो परत करा, आणि हेराल्ड असेल तर ग्रीस गनमध्ये काय भरले आहे ते मिस्त्रीला उघडून दाखवायला सांगा.